वळसंगच्या रस्त्यावरचे चुकलेले थांबे

सोलापूरला गेलो ते शेंगाचटणीसाठी, हे आधीच सांगून टाकतो. विजयाताईंचा निरोप आला होता की आपल्या खुल्या नकाशावर काम करणारे सगळे रविवारी त्यांच्या फ्लॅटवर जमणार आहेत. हा नकाशा कुणा कंपनीचा नाही. गावोगावचे एसटी थांबे कुणीही भरायचे, कुणीही फुकट वापरायचे. मीही अधूनमधून त्यात लुडबुड करतो. निरोपाच्या शेवटी 'चटणी आणि कडक भाकरी' असं होतं. लगेच पुण्याहून गाडी पकडली.

स्टेशनबाहेरून ताईंच्या भागात, म्हणजे जुळे सोलापूरला, रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवून घ्या. मी मधेच तळ्यावर उतरलो, बदकं बघत बसलो आणि उशिरा पोचलो.

तेव्हा रुबीना निघायच्या बेतात होती. कॉलेजात शिकणारी मुलगी. तिनं पहिल्यांदाच काम पाठवलं होतं, वळसंग रस्त्यावरचे थांबे. पुण्यातल्या तपासणाऱ्यानं उत्तर दिलं, 'चुकीचे आहेत, काढा.' बस, एवढंच. आपल्याला हे जमायचं नाही, माझं नाव कमी करा, असं ती विजयाताईंना सांगत होती.

मला वळसंग बघायचंच होतं. म्हटलं, चल, जाऊन बघू.

एसटीनं निघालो. तिचा पहिला थांबा आला, गाडी थांबली नाही. दुसराही तसाच मागे गेला. रुबीनानं फोन पर्समध्ये टाकला. वळसंगात भजी खाताना विचारलं, हे थांबे घेतलेस कसे? तर अब्बांच्या गाडीत बसून. अब्बा या रस्त्यावर वडाप चालवतात, म्हणजे माणसं भरली की निघणारी जीप. ती जिथं जिथं थांबली, तिथं हिनं खूण केली.

परतताना त्याच जीपमध्ये कोंबून बसलो. तिच्या प्रत्येक खुणेवर कुणी ना कुणी उभं होतंच. गिरणीपाशी एक मावशी चढल्या. त्यांना विचारलं, एसटीच्या थांब्यावर का नाही थांबत?

"तितं थांबून काय करू? वडाप हितं येतंय की."

अब्बा आरशातून हसले. "हमारा बी नकाशा बना की, बेटी."

ताईंच्या घरून पुण्यातल्या त्या तपासणाऱ्याला फोन लावला. थांबे एसटीचे नाहीत हे कबूल, पण काढू नका, वडापसाठी वेगळा रंग ठेवू. तो तयार झाला, पण म्हणाला, त्या रंगाचा कोड लिहिणार कोण? मी रुबीनाचं नाव सांगून मोकळा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की चटणी घशात अडकली.

"मला येत नाही ते."

"मलाबी अर्धंच येतंय. बस इथं," मी म्हटलं.

बसलो. दोनदा सगळा नकाशाच गायब झाला. ताई भाकरी वाढत राहिल्या. माझी गाडी चुकली, पण वळसंगच्या रस्त्यावर केशरी ठिपके उमटले, रुबीनाच्या नावानं.

चटणी घरी येऊन चार दिवसांत संपली. मागच्या आठवड्यात मी घरबसल्या केम गावचे थांबे भरले. तपासणीत एक परत आला. खाली लिहिलं होतं, 'दादा, हा रुळांच्या पलीकडं गेलाय. बाकी छान. सरकवायला जमलं नाही तर फोन करा की, मिळून करू. रुबीना.'

जमत होतं. तरी फोन केला.