दोरीवरचे कपडे हलले नाहीत

अशा गोष्टी मी वाचायचे आणि सोडून द्यायचे. आमचं बौद्ध घर... नवस, उतारे कधी पाहिलेच नाहीत. त्यातून माझी शाळा इंग्लिश मीडियमची, म्हणून मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. नाव देत नाही.

मुखेड तालुक्यातलं आमचं गाव त्या पावसाळ्यात पाण्याखाली गेलं. काका, काकू आणि मी गच्चीवर अडकलो. काकांच्या छातीत दुखत होतं. सकाळी मिलिटरीचं हेलिकॉप्टर आलं — लढाईतून जखमी जवानांना उचलून आणतात, तसलं. त्याच्या वाऱ्याने शेजारचे पत्रे उडाले. दोरावरून उतरलेला जवान आधी समोरच्या गच्चीवरच्या बाळंतिणीला काखेत पट्टा अडकवून घेऊन गेला. वर जाताना तिला ओरडून सांगत होता, हात खाली ठेवा, वर केले तर पट्ट्यातून सटकाल. आम्हाला खुणेने म्हणाला, परत येतो.

पाऊस थांबला. काकूने ओले कपडे दोरीवर टाकले.

दुपारी आवाज आला. तसंच हेलिकॉप्टर, बरोबर आमच्या डोक्यावर. पट्टा खाली आला, पण जवान उतरला नाही. काकांनी घाईने स्वतःच तो काखेत अडकवला. माझं लक्ष दोरीकडे गेलं. एवढा आवाज... आणि काकूच्या साडीचा पदरसुद्धा हलत नव्हता.

वर दारात उभा असलेला माणूस दोन्ही हात उंच करून दाखवत होता. काकांचे पाय गच्चीवरून सुटले आणि त्यांनीही हात वर केले.

मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. ते पट्ट्यातून सटकून माझ्या अंगावर पडले.

"सोड की गं," काका चिडून म्हणाले. "माझा नंबर लागला हाय."

रिकामा पट्टा वर गेला.

संध्याकाळी सकाळचाच जवान आला. या वेळी दोरीसकट कपडे उडाले. काकूने दुपारचं विचारलं, तर तो म्हणाला, दुपारी इकडे कुणीच आलं नव्हतं.

काका वाचले. आता आम्ही सगळे नांदेडला राहतो. भीतीने भास होतात, असं मैत्रीण म्हणते. पण तिघांना एकच भास?

गेल्या आठवड्यात गच्चीवर कपडे वाळत घालताना तोच आवाज ऐकला. आभाळ रिकामं, कपडे स्थिर. मागे वळले तर काका उभे — दोन्ही हात वर.

"आज तरी आडवी येऊ नको, बाई."

हाताला धरून त्यांना खाली आणलं. ते काय होतं, मला अजूनही सांगता येत नाही. गच्चीला कुलूप आहे, किल्ली माझ्याजवळ असते. काका ती मागत नाहीत... फक्त रोज सकाळी विचारतात, बाहेर वारा हाय का म्हणून.