वांग्यावर पाळत

सध्या मी कोळशाच्या कांडीने वस्तुचित्र काढायला शिकतोय. आमच्या चित्रकलेच्या बाई म्हणतात, “तुम्ही वांगं बघत नाही, आठवून काढता.” तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर तांब्या आणि एक वांगं मांडून मी रोज दुपारी त्यांच्याकडे टक लावून बसतो.

आज मला संशय आला. वांग्याचा देठ काल खिडकीकडे होता, आता तो तांब्याकडे कलला होता.

“वांगं कोणी हलवलं?” मी विचारलं.

“वांगं काय मान वळवतं?” बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

“बाबा, तुमचीच खुर्ची सरकली असेल,” आतून मुलगी म्हणाली.

हे मात्र लागलं. हल्ली मला घरातली माणसं बदलल्यासारखी वाटतात. मुलगी पूर्वीसारखी बोलत नाही, बायको माझ्या विनोदांना हसत नाही. कदाचित त्या दोघी जागच्या जागीच असतील आणि मीच सरकलो असेन. मी खडूने खुर्चीच्या पायांभोवती खुणा केल्या आणि मान ताठ धरून बसलो. तरीही वांगं वेगळंच दिसत होतं. पोटाशी जरा फुगलेलं, चकाकी भलत्याच बाजूला.

“अहो, त्याचं काल रात्री भरीत केलं,” बायको अखेर म्हणाली. “तुम्हीच तर पुन्हा मागून घेतलंत. हे दुसरं ठेवलंय. तुम्हाला कळेल असं वाटलं नव्हतं.”

खरं तर रागवायला हवं होतं. पण मी काळ्या हातांनीच मुलीच्या खोलीचं दार ढकललं आणि म्हणालो, “अगं, वांगं बदललेलं मला ओळखू आलं.”