वजा करून उरलेला फरक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चादर पिळण्याचं. धुण्याचं मशीन बंद पडलं होतं. एक टोक कुसुमच्या हातात, एक माझ्या. मी पीळ देत होतो तो तिच्याच बाजूनं, त्यामुळं चादर नुसतीच गरगर फिरत होती, पाणी काही निघेना. ती म्हणाली, "अहो, समोरासमोर उभं राहिलं की बाजू उलटी होते. जन्म गेला तुमचा कपड्यात." मी म्हटलं, माझ्याकडं कपडा कोरडा येतो. ती हसली, मग खोकला आला, मग बाजेवर बसली. ओली चादर मीच दोरीवर टाकली.

कुसुम माझी बायको. कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मी शिंपी, औरंगपुऱ्याच्या बोळात माझं दुकान होतं. आम्ही दोघंही देवगाव रंगारीचे. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर जन्मलेली पोरं आम्ही. लग्न झालं तेव्हा ती सातवी, मी चौथी. ती पुढं शिकत गेली, मी कपडा कापत गेलो. लोक विचारायचे, बायको एवढी शिकली, तुम्हाला कसं वाटतं? कसं वाटायचंय? तिला शिकायचं होतं, मला नव्हतं.

तिचा विषय अणूच्या पोटातला. त्यामुळं गावाकडं सगळ्यांना वाटायचं, ही बाँब करते. एकदा एका शेतकऱ्याच्या विहिरीला काळा खडक लागला. सुरुंग महाग पडत होता. तो पार दुकानात आला आणि मला हळूच म्हणाला, "मॅडमच्या कॉलेजातून थोडा अणू भेटंल का? लई नको, वाटीभर." मी त्याला तसाच घरी नेला. कुसुम त्याला हसली नाही. चहा दिला, आणि तासभर बसून सांगितलं की अणू सगळ्यातच असतो, तुमच्या खडकातही आहे. तो जाताना म्हणाला, "मंग तिथला का फुटंना?" त्यावर मात्र ती पोट धरून हसली.

मलाही कळत नव्हतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा ती माझ्या मशीनपाशी स्टूल घेऊन बसली. म्हणाली, अणूच्या पोटात दोन जातीचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. एका ठिकाणी एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. दुसऱ्या ठिकाणी उलट, दोन प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. नुसती अदलाबदल. त्यांना एकत्र धरणारं जे बळ आहे, ते म्हणतं, मला दोन्ही सारखेच. मी म्हटलं, मग सारखेच असतील. ती म्हणाली, प्रोटॉनला वीज असते, ते एकमेकांना ढकलतात, तेवढा फरक पडतोच. "पण तो विजेचा भाग पुरता वजा केला ना, तरी थोडं काहीतरी उरतं. तेवढंच माझं काम." मी विचारलं, एवढ्याशासाठी जन्म घालवायचा? तर म्हणाली, न्यूट्रॉन तीळभर जड आहे म्हणून पाणी आहे. उलटं असतं तर पाणी नसतं, तुम्ही नसता, गिऱ्हाईक तर नसतंच.

तिची धाकटी बहीण लीला. लीलाचा नवरा, शंकरराव, गेला, त्या दिवशी बायांनी लीलाच्या बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं. पुढं कुठल्या लग्नात तिला ओटी भरू देईनात, हळदीला बोलवीनात. अशाच एका लग्नातून घरी परत येताना रिक्षात कुसुम म्हणाली, "अदलाबदल करून बघा. लीला गेली असती, तर शंकररावांचं काय काढून घेतलं असतं?" मी विचार केला. काहीच नाही. मी म्हटलं, हे तुझ्या त्या न्यूट्रॉनसारखंच झालं की. ती चिडली. "अजिबात नाही. तिथला फरक कुणी केलेला नाही. हा आपण केलाय." घरी आल्यावर म्हणाली, "मी आधी गेले तर मला भाग्याची म्हणू देऊ नका. एवढं सांभाळा." मी म्हटलं, बरं. नवऱ्यानं बायकोला म्हणायचं असतं तसं ते बरं होतं. पुढं ते खरंच करावं लागंल असं वाटलं नव्हतं.

चादर पिळली त्या रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी शेजारच्या बाया आल्या, माझी थोरली बहीण अक्का आली. हिरवं लुगडं आणलं, हिरव्या बांगड्या आणल्या. अक्कानं कुसुमच्या तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "भाग्याची गं माझी बाय. नवऱ्याच्या मागं राहिली नाही. सोनं झालं."

मी खरंच थकलो होतो. कुणाशी भांडायची ताकद नव्हती. तरी म्हटलं, "अक्का, तसं म्हणू नको."

"अरे, चांगलंच म्हणतेय मी."

"तिला मरायचं नव्हतं. यात भाग्य कसलं? मेली ती."

लीला दारातच उभी होती, चपलांपाशी. सख्खी बहीण मेलेली, आणि ही आत येईना, कारण आत ओटीचं ताट होतं. मी उठलो, ताटातला करंडा घेतला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, कुंकू तू लाव.

"दाजी, मी कशी लावू?"

"बोटानं."

अक्का म्हणाली, येडा झालास काय, सवाष्णीला हिनं कसं लावायचं. मी म्हटलं, घर माझं आहे, बायको माझी आहे. लीलाला हाताला धरून आत आणलं, कुसुमच्या उशाशी बसवलं. अक्का अडवंल म्हणून तिनं घाईघाईनं बोट टेकवलं, कुंकू कपाळाच्या मधोमध न लागता जरा डावीकडं गेलं. अक्का पदराचं टोक घेऊन पुसायला पुढं झाली.

मी अक्काचा हात धरला आणि म्हटलं, राहू दे.