व्यासपीठाकडे पाठ

देवकते सर राजकीय सभेला हटकून जायचे आणि व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहायचे. लोकांना वाटे, मास्तर सरकलाय. आम्ही त्यांचे समाजशास्त्राचे विद्यार्थी शरमेनं अर्धमेले व्हायचो. एकदा मी विचारलंच. तर म्हणाले, "भाषण काय, उद्या पेपरात येतंय. ऐकणारे कुठं छापून येतात?"

वर्गात ते एका जर्मन पंडिताचा सिद्धांत शिकवायचे. नेत्याचं तेज त्याच्या अंगात नसतं, ते मानणाऱ्यांच्या डोळ्यांत असतं. लोक मानायचे थांबले की तेज संपलं. "म्हणजे सगळी मेंढरंच की," मी मोठ्या शहाणपणानं बोलले. सर भडकले. "मेंढरं मी राखलीत, बाई! मेंढरू कुणाचं घर पेटवायला जात नाय. माणूस जातो, अन् चांगला माणूस जातो. का जातो ते शोध."

शोधायला लांब जायची गरजच नव्हती. माझा धाकटा भाऊ सुरेश चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला होता आणि पाळी सुटली की एका नेत्याच्या मागं. सगळे त्यांना दादा म्हणत. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं, आणि दादा नामांतराच्या विरोधात गर्जत होते. एका दुपारी सुरेश आईला म्हणाला, "आज सभेनंतर वस्तीवर जायचंय. दाखवतोच त्यांना." वस्ती म्हणजे नामांतर मागणाऱ्यांची, हे वेगळं सांगावं लागलं नाही. मी तडक उस्मानपुऱ्यात सरांचं घर गाठलं.

सर आले, पण 'जाऊ नको' म्हणालेच नाहीत. "मी पण येतो सभेला. गर्दीत धक्के बसतात, जरा शेजारी उभा राहा माझ्या."

आम्ही तिघं पार पुढं जाऊन उभे राहिलो. दादांचा आवाज चढला तसं सरांनी सुरेशला खांद्याला धरून वळवलं. "त्यांना रोज बघतोस. आज ह्यांना बघ."

समोर त्याच्याच खात्यातली पोरं होती. मानेच्या शिरा तटतटलेल्या, डोळे तांबारलेले. रोज त्याला डब्यातलं लोणचं देणारा गरीब स्वभावाचा गणपत "जाळा! जाळा!" म्हणून किंचाळत होता. सुरेश बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, मी पण असाच दिसतो?"

"व्हय. लई दिवसांपासून."

तो आमच्याबरोबर मुकाट्यानं घरी आला. आईनं दाराला कडी घातली आणि ढसाढसा रडली. थोड्या वेळानं शेजारचे सांगत आले, जमाव पोलिसांनी चौकातच अडवला, वस्तीला काही झालं नाही. हुश्श!

आईनं सरांना जेवायला ठेवूनच घेतलं. वाढता वाढता तिनं विचारलं, "सर, त्या दादात असं हाय तरी काय?"

"त्याच्यात नाय, ताई. कारखान्यात ह्याला बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारतात. घरी आला की तुम्ही म्हणता, गिरणीतून दळण आण, रॉकेल आण. तो एकटाच म्हणतो, तुझ्यावाचून माझं अडलंय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी आईचं लक्ष नव्हतं. मग सुरेशकडे बघत म्हणाली, "आज तू आला नसतास तर मी जगले नसते रे."

सुरेशनं मान वर केली आणि ती करपलेलीच भाकरी मागून घेतली.