पाच ‘उचलू नको’

आमच्या ह्यांना कुणाचं नाव लक्षात राहील तर शपथ. म्हणून मोबाईलमध्ये ‘मोडनिंब काका’, ‘चिंचोळी वेल्डर’, ‘गॅसवाला नवा’ अशी सगळी जत्रा. आणि ज्यांचा फोन टाळायचा, त्यांना सरसकट एकच नाव, ‘उचलू नको’. असे पाच होते. चार प्लॉट नि विमा विकणारे. पाचव्या आमच्या वन्सं, ह्यांची मंगळवेढ्याची थोरली बहीण.

आमच्या वास्तुशांतीला मी दिलेली साडी त्यांनी पाहुण्यांदेखत माझ्याच हातात परत ठेवली. मी पेटले. “फोनमधलं नाव बदला त्यांचं,” असं मीच ह्यांना सांगितलं. ह्यांनी नंदीबैलागत मान हलवून बदललं. त्याला तीन वर्षं झाली.

आता लेकीचं लग्न ठरलं. पत्रिकांच्या यादीसाठी ह्यांनी फोनमधले सगळे नंबर कॉम्प्युटरवर घेतले. काय तो रुबाब! कॉम्प्युटरनं विचारलं, एकाच नावाचे नंबर एकत्र करू का? ह्यांनी दाबलं ‘होय’. पाच जणांचा मिळून एकच ‘उचलू नको’ झाला, पाच नंबरांचा, आणि फोनमध्येही तसाच दिसायला लागला. वरून म्हणतात कसे, “कचरा साफ केला बघ.” आता त्यात वन्संचा नंबर कुठला, ते ब्रह्मदेवालाही सांगता येईना.

लेक हटून बसली. “माझं नाव आत्यानं ठेवलंय. आत्या न्हाई तर मी बोहल्यावर चढत न्हाई.” तिनं ह्यांचा फोन माझ्याच हातात दिला. ह्यांना नेमका तेव्हाच पेपर वाचायचा होता.

पहिल्या नंबरानं मला विमा समजावला. दुसऱ्यानं प्लॉट दाखवायला गाडी पाठवतो म्हटलं. तिसरा तर आम्ही आपणहून फोन केला म्हणून गहिवरलाच मेला.

चौथा एका रिंगला उचलला गेला. “बोल रे भाऊ!”

“मी बोलतेय, वन्सं.”

“बोल की गं. नाव दिसल्या दिसल्या उचलला बघ.”

“काय नाव दिसतंय?”

“‘माहेर’. पहिल्यापासनं तसंच हाय. तीन वर्षं वाजला न्हाई, पण मी काढला न्हाई.” मग त्यांनीच विचारलं, “तुमच्याकडं माझं काय येतंय गं?”

मी फोन कानापासून लांब धरून पाहिलं. ठळक अक्षरात होतं.

“वन्सं असंच येतंय की,” मी म्हटलं. लाज वाटली, लई लाज वाटली. ह्यांनी पेपर काही खाली केला नाही.