आधीच ओतलेला चहा

नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला घरमालक काकांच्या वरच्या खोलीत राहायला जाईपर्यंत, माझे निर्णय मीच घेते असा माझा समज होता. काका निवृत्त चिप इंजिनिअर, घरात एकटेच. बैठकीत देवांच्या शेजारी त्यांचं पेटंट फ्रेम करून लावलेलं. शोधकांच्या यादीत तिसरं नाव त्यांचं. “अगं, प्रोसेसरने वाट बघत बसायचं नाही,” ते सांगत. “पुढे काय होणार याचा अंदाज बांधायचा आणि काम आधीच करून ठेवायचं. चुकलं तर गुपचूप टाकून द्यायचं. कुणाला पत्ता लागता कामा नये.” चिपचं ठीक होतं, पण काका स्वतःही तसेच जगत. मी जिना उतरायच्या आत टेबलावर चहाचे दोन कप ओतलेले असत. मला चहा हवाय हे मला त्यानंतर कळे. एकदा माझ्या सायकलच्या टोपलीत पंक्चरचं सामान दिसलं. टायर तर ठणठणीत होतं. संध्याकाळी स्टेशनजवळ ते बसलं. “झिजलं होतं गं,” काका म्हणाले. मी हसले, पण पुढचे काही दिवस सायकल त्यांच्या नजरेआड लावत होते.

अ‍ॅमस्टरडॅमला नोकरी लागली, तेव्हा मी चार दिवस गप्प राहिले. इथून जाणार हे काकांना सांगायचा धीर होईना. पाचव्या सकाळी माझ्या दाराबाहेर रिकामी खोकी रचून ठेवलेली होती, वर चिकटपट्टी. खाली गेले तर काका पेपरमागून म्हणाले, “पुस्तकं छोट्या खोक्यांत भर. जड होतात.” एवढंच. मीही एवढंच म्हणाले, “हो.”

सात-आठ महिन्यांनी, न कळवता, काकांकडे येऊन पडलेली माझी पत्रं न्यायला गेले. बेलकडे हात नेला आणि दार उघडलं. टेबलावर दोन कप, दोन्हींतून वाफ येत होती.

“काका, मी येणार हे कुणी सांगितलं?”

“अंदाज,” ते म्हणाले. “पेटंटची मुदत संपली. आता कुणीही वापरावा.”

चहा संपवून मी माझा कप विसळायला नेला. प्यायलेल्या कपाला डाग तळाशी पडतो. या कपाला तो आत, अगदी काठाजवळ होता. भरलेला चहा तसाच निवल्याच्या तपकिरी रेघा, एकीखाली एक, घासूनही न गेलेल्या. सिंकची जाळीही तशीच तपकिरी झाली होती.

मी नळ जरा मोठा सोडला. बाहेर येऊन म्हणाले, “काका, तुमचा अंदाज कधी चुकत नाही.”

“छे,” ते म्हणाले, आणि मी मागायच्या आत पत्रांचा गठ्ठा पुढे केला. मी तो टेबलावर ठेवला आणि पुन्हा बसले. या वेळी मात्र काकांना उठून आधण ठेवावं लागलं.