वर्षातून दोनदा उघडलेलं चित्र

धर्मराज मेश्राम आमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तळघरात बसायचा. फाटकी पुस्तकं शिवायची आणि जी शिवण्यापलीकडे गेली त्यांच्यासाठी कापडी पुठ्ठ्याची पेटी करायची, हे त्याचं काम. मी वरच्या मजल्यावर कार्डं टाइप करायचे. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, तरी पहिलं वर्षभर आमचं बोलणं झालं ते फक्त हवामानावर. त्याला कारण मी.

मंडळाच्या गणपतीला एका शाळेच्या जिममध्ये तो जेवायला आला होता. मी वाढता वाढता विचारलं, "मेश्राम म्हणजे नक्की कोण तुम्ही?" सहज विचारलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. त्याने अर्धं ताट तसंच ठेवलं आणि कोट घालून निघून गेला. पुन्हा मंडळात आला नाही. कोणी नाव विचारलं की "डी. आर." एवढंच सांगायचा. उशिरा का होईना, मला लाज वाटली. माफी मागायचं धाडस काही झालं नाही, म्हणून मी त्याला गाडीतून घरी सोडायला लागले. तो गाडी चालवायला कधी शिकलाच नाही.

एक्क्याऐंशीच्या वसंतात मिसेस हान नावाच्या कोरियन बाई लायब्ररीत आल्या. सत्तरीच्या, काठीसारख्या ताठ. जुन्या चित्राची लाकडी पेटी दमटपणाने कुजली आहे, नवी कोण करून देईल, असं विचारत होत्या. त्यांना तळघर दाखवलं.

त्यांच्या सासऱ्यांचे वडील सोलमध्ये जुन्या वस्तू जमवायचे. शेवाळी हिरव्या रंगाचे, आत पांढरे बगळे कोरलेले वाडगे, एक मोठा पांढरा रांजण, आणि नुसती पुस्तकांची कपाटं रंगवलेला आठ घड्यांचा पडदा. "आपल्या लायब्ररीपेक्षा त्या पडद्यावर पुस्तकं नीट लावलीत," असं पेटीचं माप घ्यायला बाईंच्या घरी जाऊन आल्यावर धर्मराज म्हणाला. त्याने केलेला तो पहिला विनोद. सगळ्यांत मोलाचं होतं रेशमावरचं बुद्धाचं चित्र, चारशे वर्षांचं. ते वर्षातून एकच दिवस, बुद्धजयंतीला, भिंतीवर लागायचं. त्या दिवशी जो ते बघेल त्याने एका वहीत आपल्या हाताने पूर्ण नाव लिहायचं, ही घरची रीत. वहीत तीन पिढ्यांची नावं होती.

पेटीचे पैसे धर्मराजने घेतले नाहीत. तेव्हा बाई म्हणाल्या, "मग बुद्धाच्या वाढदिवसाला या."

तो गेला वैशाख पौर्णिमेला. पांढरा शर्ट, हातात मेणबत्ती. गाडी मीच चालवली. बंगल्यासमोर उतरताना त्याने मला विचारलं, "आत येता?"

"नको हो, ते तुमचं असतं," मी म्हणाले, आणि मासिक उघडलं.

आत काय झालं ते परतताना त्याने सांगितलं. भिंत रिकामी होती. कोरियात बुद्धजयंती चौथ्या महिन्याच्या अष्टमीला असते, आपली पौर्णिमेला. आठवडाभरापूर्वीच चित्र गुंडाळून पेटीत गेलं होतं. तो ओशाळून परत फिरला, तर बाईंनी कॅलेंडर पाहिलं आणि तीन पिढ्यांचा नियम मोडून चित्र पुन्हा उघडलं. मेणबत्ती त्याने पेटवली नाही, धूर रेशमाला वाईट. त्याने पालीत त्रिशरण म्हटलं, त्यांनी कोरियनमध्ये काहीतरी म्हटलं. मग वहीत त्याने देवनागरीत लिहिलं, धर्मराज राजाराम मेश्राम, नागपूर. बाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचून घेतलं.

"तुमच्या घरी बुद्धाचा फोटो असेलच ना?" मी विचारलं.

"बाबासाहेबांचाही आहे," तो म्हणाला. "पण शेजारी बसायला कोणी नाही."

मी वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

त्यानंतर दरवर्षी चित्र दोनदा उघडलं, एकदा त्यांच्या अष्टमीला आणि एकदा याच्या पौर्णिमेला. मी दरवर्षी बाहेर.

चौऱ्याऐंशीत बाई जिन्यावरून पडल्या. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला, आता माझ्याकडे चल. वस्तू त्याने एका म्युझियमला द्यायचं ठरवलं. एवढा कसा कोरडा हा, असं मी म्हणाले, तेव्हा धर्मराजने मला गप्प केलं. कोरियन युद्धात सोल सोडताना बाईंच्या पाठीवर मूल बांधायचं कापड होतं. त्यात त्यांनी चित्र बांधलं आणि पाच वर्षांच्या मुलाला हाताला धरून चालवलं. बर्फातून, कित्येक दिवस. त्या मुलाला चित्र बघवत नसेल तर त्याचं काय चुकलं?

म्युझियमची गाडी शुक्रवारी यायची होती. अष्टमी झालेली, पौर्णिमा पुढच्या मंगळवारी. बाईंनी मुलाला चार दिवस मागितले, पण तारीख हलेना. प्रवासासाठी चित्राला वेगळी, आतून मऊ पेटी हवी होती, आणि ती करायला धर्मराजला सांगितलं होतं.

"मग सोपं आहे," मी म्हणाले. "गोंद वाळला नाही म्हणून सांगा. पेटी नाही तर चित्र हलणार नाही. पौर्णिमा होऊ दे."

तो पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "पण वाळलाय ना."

"अहो, कोणाला कळणार आहे!"

"मी दरवर्षी तिथे बसून पंचशील म्हणतो, सुलेखाताई. त्यात खोटं बोलणार नाही असंही म्हणतो. तेच चित्र ठेवून घ्यायला खोटं बोलू?"

मला त्याचा इतका राग आला की मी जिना चढून वर निघून गेले. गुरुवारी त्याने पेटी पोचवली. कोपरे इतके नेमके होते की मुलाने दोनदा आभार मानले, असं कळलं. शुक्रवारी चित्र गेलं.

मंगळवारी संध्याकाळी तो नेहमीचा पांढरा शर्ट घालून माझ्या गाडीपाशी उभा होता. मी काही न विचारता निघाले. या वेळी त्याने मला आत बोलावलं नाही. मीच पाठोपाठ गेले.

घर खोक्यांनी भरलेलं होतं. भिंतीवर खिळा तेवढा राहिला होता. मिसेस हान खाली बसून होत्या, पाय लांब करून, आणि मांडीवर ती वही. म्युझियमला त्यांनी ती दिली नव्हती. त्यांनी तारीख घातली, आपलं नाव लिहिलं आणि पेन पुढे केलं.

"आज मी चित्र पाहिलं नाही," धर्मराज म्हणाला. "कसं लिहू?"

"मला बघायला आलास ना?" बाई म्हणाल्या. "मग लिही."

तो त्यांच्या शेजारी बसला आणि त्याने नाव लिहिलं, वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट. त्याचे डोळे भरले होते, आणि ते त्याने पुसले नाहीत. बाईंनी पानं मागे उलटून मला दाखवली. चार वर्षं, पौर्णिमेच्या प्रत्येक तारखेखाली दोनच नावं.

मग त्यांनी मला नीट निरखलं. "तू ती गाडीतली. खिडकीतून दिसायचीस. चहा गार व्हायचा तुझा. आत का नाही आलीस कधी?"

तिसरा कप ठेवला जायचा, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी घाईघाईने म्हणाले, "मला कोणी बोलावलं नाही."

धर्मराज वहीतली शाई वाळायची वाट बघत होता. मान वर न करता तो हळूच म्हणाला, "बोलावलं होतं, ताई. पहिल्याच वर्षी."